टाइमआउट, राँग व्हर्जन नंबर आणि ५३५ : स्क्रिप्टमधून मेल का जात नाहीये

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. १८० फ्लॅटची सोसायटी, दर महिन्याला मेंटेनन्सचं बिल पीडीएफ करून ज्याचं त्याला मेल करणारी पायथनची छोटी स्क्रिप्ट, आधी ऑफिसातल्या पीसीवरून होस्टिंगवाल्याच्या मेल सर्व्हरमार्फत नीट चालायची. आता ती भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर हलवली आणि मेल जायचे बंद झाले. पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या खिडकीचा नंबर, २५ ठेवला की दोन मिनिटं नुसती थांबते आणि टाइमआउट देते. कोणीतरी सुचवलं म्हणून जीमेलचं खातं घेतलं, पोर्ट ५८७ केला, तर राँग व्हर्जन नंबर. ते कसंबसं निस्तरलं तर आता ५३५, म्हणजे लॉगिन नाकारलं, येतोय, आणि पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, ब्राउझरमध्ये त्याच पासवर्डने लॉगिन होतंय.

पहिली गोष्ट, घाबरू नका, तुम्ही अडकून पडलेला नाहीत, तुम्ही पुढे सरकताय. या तिन्ही एरर एकाच रोगाच्या नाहीत. मेल पाठवणं म्हणजे एकामागे एक चार-पाच दारं आहेत, तुम्ही पहिल्या दारावर अडला होतात, मग दुसऱ्यावर, आता तिसऱ्यावर उभे आहात. मी पंधराएक वर्षं मेल सर्व्हर सांभाळतोय आणि लोक सगळ्यात जास्त वेळ कुठे घालवतात तर स्क्रिप्टमधल्या ओळी इकडच्या तिकडे करण्यात. सर्व्हर दर पावलाला स्पष्ट उत्तर देत असतो, तीन आकडी नंबर आणि पुढे एक वाक्य, आणि ते कोणी वाचतच नाही. म्हणून स्क्रिप्टला हात लावायच्या आधी एवढं करा : एसएमटीपीलिब, म्हणजे पायथनची मेल पाठवायची लायब्ररी, तिचं ऑब्जेक्ट बनवलं की लगेच खालच्या ओळीत त्याचं सेट डीबगलेव्हल हे फंक्शन १ देऊन बोलवा. पायथनऐवजी पीएचपीतली पीएचपीमेलर लायब्ररी वापरत असाल तर एसएमटीपीडीबग २ करा. आता स्क्रीनवर, पायथनमध्ये बहुधा पहिली स्वागताची ओळ सोडून, अख्खं संभाषण दिसेल. सर्व्हर आधी २२० म्हणतो, म्हणजे या बसा. आपण एहलो, म्हणजे नमस्कार, म्हणतो, तो २५० च्या चार-सहा ओळींत मला काय काय येतं ते सांगतो. मग स्टार्टटीएलएस, म्हणजे इथून पुढचं बोलणं कुलूपबंद, मग लॉगिन, ते जमलं की २३५. मग मेल फ्रॉम म्हणजे कोणाकडून, आरसीपीटी टू म्हणजे कोणाला, प्रत्येकाला २५०. डेटा म्हटलं की ३५४, म्हणजे द्या मजकूर. शेवटी एकटा टिंब असलेली ओळ, आणि त्यावर २५० आला की सर्व्हरने मेल ताब्यात घेतला. यातला शेवटचा कुठला नंबर आला तेवढं सांगितलंत तरी माझं अर्धं काम होतं. ४ ने सुरू होणारा नंबर म्हणजे आत्ता नाही, नंतर या. ५ ने सुरू होणारा म्हणजे नाहीच, तुमच्या बाजूला काहीतरी बदलल्याशिवाय पुन्हा येऊ नका. हे १९८२ च्या मूळ एसएमटीपी, म्हणजे मेल पाठवायच्या नियमांपासून असंच चालत आलंय.

आता तुमचा टाइमआउट. ही दोन मिनिटं घड्याळ लावून मोजली असतीत तर साधारण १२७ सेकंद भरली असती. बऱ्याच लिनक्सवर कनेक्शनचं पहिलं पॅकेट उत्तर आलं नाही तर १ सेकंदाने परत पाठवतात, मग २, ४, ८, १६, ३२ आणि शेवटी ६४ सेकंद वाट बघून सोडून देतात, त्या सगळ्याची बेरीज १२७. म्हणजे तुमच्या पॅकेटला कोणी नाही म्हटलंच नाही, ते मधेच कोणीतरी गिळलं. जर समोरच्या मशीनवर त्या पोर्टवर कोणी ऐकतच नसतं तर लगेच कनेक्शन रिफ्यूज्ड आलं असतं. हा फरक लक्षात ठेवा, रिफ्यूज्ड म्हणजे घर आहे पण दार उघडायला कोणी नाही, टाइमआउट म्हणजे रस्त्यातच फायरवॉल, पॅकेटं अडवणारा पहारेकरी. आणि नाव सापडलं नाही अशी एरर असेल तर अजून घराचा पत्ताच मिळालेला नाही, ती डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेची, किंवा सर्व्हरचं नाव चुकीचं टाइप झाल्याची भानगड.

तुमच्या बाबतीत फायरवॉल बहुतेक क्लाउडवाल्याचाच आहे. भाड्याचे सर्व्हर घेऊन स्पॅम पाठवणारे इतके झाले की अमेझॉनचं ईसीटू, गूगल क्लाउड असे सगळे मोठे लोक बाहेर जाणारा पोर्ट २५ मुळातच बंद ठेवतात. डिजिटलओशनवर तर २५, ४६५ आणि ५८७ तिन्ही बंद असतात. तुमचा ५८७ निदान उत्तर तरी देतोय, म्हणजे तुमच्याकडे फक्त २५ बंद आहे. आणि खरं सांगायचं तर २५ तुम्हाला नकोच आहे, तो एका मेल सर्व्हरने दुसऱ्या मेल सर्व्हरशी बोलायचा रस्ता. माणसाने किंवा स्क्रिप्टने लॉगिन करून मेल द्यायचा तो ५८७ किंवा ४६५ वर. ज्यांच्याकडे हे दोन्हीही बंद असतील त्यांनी २५२५ करून बघावा, मेल रिले देणाऱ्या, म्हणजे तुमचा मेल घेऊन पुढे पोचवणाऱ्या, बऱ्याच कंपन्या मुद्दाम याच कारणासाठी तो उघडा ठेवतात. पोर्ट उघडा आहे की नाही हे स्क्रिप्टवरून तपासू नका, त्याच सर्व्हरवर बसून नेटकॅट या छोट्या कमांडने थेट तपासा, पाच सेकंदांत कळतं. त्याच सर्व्हरवर बसून, हे महत्त्वाचं. लोक घरच्या लॅपटॉपवरून तपासतात आणि म्हणतात पोर्ट तर उघडा आहे.

स्क्रिप्टमध्ये एक बदल मात्र आत्ताच करा, एसएमटीपी ऑब्जेक्ट बनवताना टाइमआउट २० किंवा ३० सेकंद असा द्या. पायथन स्वतःहून काहीच टाइमआउट लावत नाही, जे काय थांबायचं ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या मर्जीवर.

राँग व्हर्जन नंबरची एरर नावामुळे फार दिशाभूल करते, लोक ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी अपडेट करायला धावतात, पायथन परत टाकतात. मुळात काय होतं ते बघा. ४६५ वर सर्व्हर पहिल्या बाइटपासून टीएलएसमध्ये, म्हणजे कुलूपबंद भाषेतच बोलतो, ५८७ वर आधी साध्या भाषेत बोलणं सुरू होतं आणि मग स्टार्टटीएलएस म्हणून दोघं कुलूपबंद होतात. तुम्ही ५८७ वर एसएमटीपी एसएसएल हा क्लास वापरलात, त्यामुळे तुमच्या स्क्रिप्टने जाताक्षणी टीएलएसचं बोलणं चालू केलं आणि तिकडून सर्व्हरने साध्या अक्षरांत २२० म्हणून स्वागत केलं. टीएलएसच्या रेकॉर्डमध्ये पहिला बाइट प्रकाराचा आणि पुढचे दोन व्हर्जनचे असतात, तेव्हा तुमच्या लायब्ररीने पहिला २ प्रकार म्हणून वाचला आणि उरलेला २ आणि ० व्हर्जन म्हणून. अशी व्हर्जन कुठे असते का, म्हणून ती म्हणाली राँग व्हर्जन नंबर. एवढंच आहे ते.

उलटं केलंत, म्हणजे ४६५ वर साधा क्लास, तर एररसुद्धा लवकर येत नाही. सर्व्हर तुमच्या टीएलएसची वाट बघतो, तुमची स्क्रिप्ट त्याच्या २२० ची वाट बघते, दोघं एकमेकांसमोर गप्प बसून राहतात आणि शेवटी सर्व्हर कंटाळून फोन ठेवतो, तुम्हाला दिसतं कनेक्शन अनपेक्षितपणे बंद झालं. यालाही लोक फायरवॉल समजतात. तेव्हा जोडी पक्की ठेवा, ४६५ ला एसएमटीपी एसएसएल, ५८७ ला साधा एसएमटीपी आणि त्यानंतर स्टार्टटीएलएस. स्टार्टटीएलएस विसरून लॉगिन करायला गेलात तर पायथनच म्हणतो हा सर्व्हर लॉगिन देत नाही, आणि तसाच मेल द्यायला गेलात तर जीमेल ५३० देऊन आधी स्टार्टटीएलएस म्हणा असं सरळ सांगतो. दोन्हींपैकी कुठलाही घ्या, ४६५ जुना झाला असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळेल पण २०१८ पासून तो परत अधिकृत आहे.

आता ५३५, जिथे तुम्ही आत्ता आहात. तुमचा पासवर्ड बरोबर आहे यावर माझा विश्वास आहे, पण तो या दारासाठी नाहीच. वैयक्तिक जीमेल खात्यांना नेहमीचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये घालून लॉगिन करायची सोय गूगलने ३० मे २०२२ ला बंद केली. त्या आधीचे जेवढे व्हिडिओ आणि ट्युटोरियल आहेत, लेस सिक्युअर ॲप्स चालू करा म्हणणारे, ते सगळे आता निरुपयोगी. आता खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करायचं आणि मग ॲप पासवर्ड तयार करायचा, १६ अक्षरांचा, तो स्क्रिप्टमध्ये. टू-स्टेप आधीच चालू असेल आणि तरी साधा पासवर्ड दिला तर ५३५ च्या ऐवजी ५३४ येतो, त्यात ॲप पासवर्ड हवा असं लिहिलेलंच असतं.

इथे एक बारीक काटा आहे जो मी स्वतः तीन-चार जणांच्या पायातून काढलाय. तो ॲप पासवर्ड स्क्रीनवर चार-चार अक्षरांचे चार गट करून दिसतो, मधे स्पेस. लोक तो तसाच कॉपी करून चिकटवतात, आणि कधीकधी ती मधली स्पेस साधी नसतेच, वेब पेजवरची न तुटणारी स्पेस असते, दिसायला अगदी तशीच. मग एसएमटीपीलिब लॉगिनच्या आधीच कोसळतं, फक्त साधी इंग्रजी अक्षरं ओळखणाऱ्या अस्की कोडेकला हे अक्षर जमत नाही म्हणून, आणि एररमध्ये एक्स ए शून्य असं काहीतरी दिसतं. कर्सर नेऊन ती स्पेस हाताने पुसा, सोळाच्या सोळा अक्षरं सलग लिहा, विषय संपला. आणि अजून एक, गूगल खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात. नवीन सेक्रेटरीने चार्ज घेतला, सुरक्षिततेसाठी म्हणून पासवर्ड बदलला आणि त्या महिन्यापासून बिलं जायची बंद, असं अगदी होऊ शकतं, तेव्हा ही गोष्ट सोसायटीच्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवा.

मायक्रोसॉफ्टकडे मेल असेल तर चित्र वेगळं आहे. वैयक्तिक आउटलुक खात्यांना नुसत्या पासवर्डचं लॉगिन सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झालं, तिथे ओऑथच, म्हणजे पासवर्डऐवजी परवानगीचं टोकन, लागतं. कंपनीच्या खात्यावर ५३५ च्या पुढे ५.७.१३९ दिसलं आणि त्यात एसएमटीपी ऑथेंटिकेशन बंद आहे असं असेल तर तुमच्या स्क्रिप्टमध्ये शोधू नका, ते ॲडमिनच्या हातात आहे.

एवढं करूनही ५३५ च आला तर स्क्रिप्ट बाजूला ठेवून हाताने लॉगिन करून बघा, मी अजूनही असंच करतो. ओपनएसएसएलची एस क्लायंट ही कमांड स्टार्टटीएलएस एसएमटीपी सांगून ५८७ ला जोडायची, एहलो म्हणायचं, ऑथ लॉगिन म्हणायचं, सर्व्हर ३३४ देऊन युजरनेम मागतो, मग पासवर्ड, दोन्ही बेस६४ करून, म्हणजे ठरावीक साध्या अक्षरांत बदलून, द्यायचे. यात दोन खड्डे आहेत. बेस६४ करताना एको कमांड वापरलंत तर तो शेवटी एक नवी ओळ जोडतो, ती पासवर्डचाच भाग होऊन जाते आणि बरोबर पासवर्डला ५३५ मिळतो, म्हणून प्रिंटएफ वापरा. दुसरा खड्डा लॉगिन झाल्यावरचा. एस क्लायंटमध्ये ओळीच्या सुरुवातीला कॅपिटल आर आला की तो ती सर्व्हरला पाठवतच नाही, त्याला वाटतं टीएलएसची बोलणी परत करायला सांगताय. त्यामुळे आरसीपीटी टू कॅपिटलमध्ये लिहिलं की सगळं विचित्र होतं, छोट्या अक्षरात लिहिलं की व्यवस्थित जातं. पहिल्यांदा यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती.

आणि हो, डीबगचं आउटपुट कोणाला पाठवताना लॉगिनच्या ओळी काढून टाका. बेस६४ म्हणजे कुलूप नाही, कोणीही एका सेकंदात उलटं वाचू शकतं.

लॉगिन झालं की पुढची दारं सोपी आहेत पण तुमच्या कामात नक्की येतील म्हणून सांगतो. आरसीपीटी टू ला रिले अॅक्सेस डिनाइड, ५५४, असं आलं तर तुम्ही लॉगिन न करताच बाहेरच्या पत्त्यावर पाठवायला बघताय. फ्रॉमचं बघा, जीमेलमधून लॉगिन करून फ्रॉममध्ये सोसायटीच्या डोमेनचा पत्ता घातलात तर जीमेल तो बदलून स्वतःच्या खात्याचा करतो, तो पत्ता आधी सेटिंगमध्ये जाऊन पडताळून घ्यावा लागतो. एकाच फ्लॅटचे दोन मालक असतील तर दोन पत्ते पायथनच्या सेंडमेलला लिस्ट म्हणून द्या, स्वल्पविराम टाकून एकच स्ट्रिंग देऊ नका. तसं केलं की टू मध्ये दोन्ही नावं दिसतात आणि मेल मात्र कित्येकदा पहिल्यालाच पोचतो, दुसरा म्हणतो मला बिल आलंच नाही, आणि तो खरं बोलत असतो.

विषय मराठीत, म्हणजे "जून महिन्याचे देखभाल शुल्क" असा, तर मजकूर हाताने जोडून स्ट्रिंग बनवू नका, परत अस्कीची एरर येईल. ईमेल मेसेज क्लास वापरा आणि सेंड मेसेजने पाठवा, देवनागरीचं एन्कोडिंग तो स्वतः करतो. गंमत म्हणजे सगळा मजकूर इंग्रजीत असूनही हीच एरर आली अशी केस मी बघितली आहे. त्या विंडोज मशीनचं नावच देवनागरीत ठेवलेलं होतं आणि एसएमटीपीलिब एहलो म्हणताना मशीनचं नाव सांगतो. लोकल होस्टनेम म्हणून लोकलहोस्ट असं दिलं आणि सुटलं. मशीनचं नाव मराठीत ठेवायचा हक्क त्या माणसाला आहेच, बदलायची गरज पडली नाही याचा मला आनंद झाला.

आता क्रॉनबद्दल, म्हणजे ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रामबद्दल, कारण हाताने चालते आणि रात्री आपोआप चालत नाही हा तुमचा पुढचा प्रश्न असणार आहे. क्रॉन तुमचं बॅशआरसी, म्हणजे लॉगिन केल्यावर टर्मिनल वाचतो ती सेटिंगची फाइल, वाचत नाही, त्यामुळे पासवर्ड तिथे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून ठेवला असेल तर स्क्रिप्टला रिकामा मिळतो. क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकाच्या, ओळीत टक्क्याचं चिन्ह आलं तर क्रॉन त्याला नवी ओळ समजतो, तारीख घालून लॉग फाइलचं नाव बनवणारे सगळे इथे अडकतात. पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, फक्त तुमच्या युजरला वाचता येईल अशी परवानगी देऊन, आणि पूर्ण पाथ द्या. स्क्रिप्टचं नाव ईमेल डॉट पीवाय ठेवू नका, पायथन स्वतःच्या ईमेल मॉड्यूलऐवजी तुमचीच फाइल उचलतो.

यात मला सगळ्यात जास्त कळकळीने जे सांगायचंय ते म्हणजे स्क्रिप्टमधली ट्राय, एक्सेप्ट, पास ही जोडी, म्हणजे एरर आली तरी गप्प पुढे जा. ती तुमच्याकडे कुठे असेल तर आजच काढा. एका पतसंस्थेत मुदत ठेवीची मुदत संपत आल्याचा मेल अशाच स्क्रिप्टमधून जायचा. कुठेतरी सर्टिफिकेट बदललं, मेल जायचे थांबले, आणि त्या पास मुळे स्क्रिप्ट रोज रात्री काम झालं म्हणून सांगत राहिली. अकरा दिवस कोणाला पत्ता नाही. कळलं कसं, तर एक निवृत्त शिक्षिका पासबुक घेऊन काउंटरवर आल्या आणि म्हणाल्या दरवेळी मेल येतो, यावेळी आला नाही, माझं काही चुकलं का. त्यांचं काही चुकलं नव्हतं. ती स्क्रिप्ट मी लिहिलेली नव्हती पण तपासून होकार मीच दिला होता, आणि ते वाक्य मला आजही आठवतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये कोणाला पाठवला, सर्व्हर काय म्हणाला, किती वाजता, हे फाइलमध्ये लिहिलं जातं, आणि एक जरी मेल अडला तर स्क्रिप्ट एरर कोड देऊनच संपते.

शेवटी, २५० मिळाला म्हणजे मेल पोचला असं नाही, सर्व्हरने घेतला एवढंच. पीएचपीच्या मेल फंक्शनने ट्रू दिलं तर तेवढंही नाही, फक्त स्थानिक मेल प्रोग्रामच्या हातात दिला. उद्या तुम्ही सोसायटीच्या स्वतःच्या डोमेनवरून पाठवायला लागलात तर फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू दोघेही प्रत्येक पाठवणाऱ्याकडे एसपीएफ (या डोमेनचा मेल कुठले सर्व्हर पाठवू शकतात त्याची यादी) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) मागतात, मोठ्या प्रमाणात, जीमेलच्या हिशोबाने दिवसाला ५००० च्या वर, पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि वर डीमार्क (या तपासण्या फसल्या तर मेलचं काय करायचं तो नियम). तुम्ही १८० च पाठवता तरी मी म्हणेन तिन्ही लावून टाका. फक्त एसपीएफचं एकच रेकॉर्ड ठेवा, होस्टिंगवाल्याचं एक आणि नव्या सेवेचं एक अशी दोन झाली की दोन्ही बाद, एकाच ओळीत दोन्ही इन्क्लूड घाला, आणि एकूण डीएनएस चौकश्या १० च्या आत ठेवा.

तुमच्या आकड्याला साध्या जीमेलची दिवसाला ५०० ची मर्यादा पुरते. पण लूपच्या आत लॉगिन करू नका, एकदा लॉगिन करून त्याच कनेक्शनवर एकेक मेल पाठवा, मधे एक-दोन सेकंद थांबा, नाहीतर १८० वेळा लॉगिन बघून गूगल ४५४ देऊन थोडा वेळ दारच बंद करतो. ४ चा नंबर आला तर तो पत्ता बाजूला लिहून पंधरा मिनिटांनी परत प्रयत्न करा, काही सर्व्हर अनोळखी माणसाला पहिल्या खेपेला मुद्दाम परत पाठवतात. चुकीचे पत्ते परत येतील ते फ्रॉमच्या इनबॉक्समध्ये, आणि ते इनबॉक्स कोणीतरी खरंच उघडून वाचायला हवं.

आता ॲप पासवर्ड बनवा, स्पेस काढा, डीबगलेव्हल १ ठेवा आणि फक्त स्वतःच्या पत्त्यावर एक मेल पाठवा, मग कमिटीतल्या पाच जणांना, मग सगळ्यांना. कुठे अडलं तर शेवटच्या दहा ओळी पाठवा, लॉगिनच्या ओळी वगळून, मी बघतो.